आईनं नेलेला वॉल्ट्झ

पाय सहज सरकावेत म्हणून सरांनी डान्स क्लासच्या फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि त्या वासासरशी मी शाहूपुरीतल्या जुन्या हॉलमध्ये पोचले. मी लहान असताना मामाच्या लग्नाच्या वाढदिवशी तिथंही फरशीवर अशीच पावडर टाकून कुणीतरी वॉल्ट्झ लावला होता. जोडीनं गिरक्या घ्यायच्या त्या विलायती नाचात पुरुषानं बाईला न्यायचं असतं, म्हणून बाबा 'एक-दोन-तीन' पुटपुटत आईला फिरवू लागले आणि दुसऱ्याच गिरकीला भेलकांडले. सगळे पावणे हसले. फुगड्या घालत वाढलेल्या आईनं पदर खोचला.

"अवो, ऱ्हाऊ द्या. मीच फिरवते की तुमास्नी!"

हॉलभर फिरवलं तिनं त्यांना. हसणारेच टाळ्या वाजवायला लागले, तशी मी ओरडले, "माझी आई हाय ती!"

आज सरांनी विचारलं, "जोडीत कोण नेणार?"

जोडीला उभ्या नवऱ्याकडं न बघताच मी हात वर केला.