कमरेएवढं पाणी

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, नागपुरातल्या एका अस्थिरोग रुग्णालयात, माझ्या डाव्या मांडीच्या हाडाला तडा गेल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. मी पडले नव्हते. त्याच सकाळी नंदनवन भागातल्या घराचे दोन जिने उतरून आले होते.

"आता इथून चालत जायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "डावा पाय टेकायचाच नाही." त्यांनी व्हीलचेअर मागवली.

निदान होतं फिमोरल नेक स्ट्रेस फ्रॅक्चर. लहान धक्के पुन्हा पुन्हा बसून खुब्यापाशी, मांडीच्या हाडाच्या मानेत पडलेली भेग. मी म्हटलं, धक्के कसले? मी व्यायाम पाण्यात करते.

"पाणी किती असतं?"

मी कमरेवर हात ठेवला.

माझं वय सत्तावन्न. तीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर बातम्या तपासायचं काम केलं. गुडघे दुखू लागले म्हणून फेब्रुवारीपासून जलतरण तलावावर बायकांच्या ॲक्वा एरोबिक्सच्या, म्हणजे पाण्यातल्या व्यायामाच्या, बॅचला जात होते. तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. एप्रिलमध्ये टंचाई आली, तलाव पूर्ण भरेना. उथळ भाग संपतो तिथल्या दोरीपलीकडे खोल पाणी होतं, पण आमच्यापैकी एकीलाही पोहता येत नव्हतं. पाणी उतरल्याचा आम्हाला आनंदच झाला. माझ्या मागे उभ्या राहणाऱ्या शोभाताई ओरडल्या होत्या, "आता बुडायचं भेव नाही वं, उड बिनधास्त!"

आम्ही उंच उड्या मारू लागलो. तळाला फरशी होती.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा येतो, कमरेएवढ्या पाण्यात जवळपास निम्मा. हे नुसतं उभं राहिल्यावर. उडी मारून खाली आलं की धक्का त्याहून बराच मोठा. अंग हलकं वाटतं, त्यामुळे तो कळत नाही. माझी हाडंही ठिसूळ निघाली. ते मला माहीत नव्हतं.

दुखणं जांघेत होतं. पाय टेकला की वाढायचं, बसलं की थांबायचं. मी स्नायू समजले. पहिला एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून आणखी आठवडाभर उड्या मारल्या. असं दुखत असेल तर स्वच्छ एक्स-रेवर थांबू नका.

"भेग आतल्या बाजूला आहे," डॉक्टर म्हणाले. "बाहेरच्या बाजूला असती तर आजच स्क्रू टाकले असते. सहा आठवडे कुबड्या. भेग वाढून हाड सरकलं, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग सांधा बदलावा लागेल."

त्यानंतर मला न्हाणीघराचा उंबरठा दिसला तरी घाम फुटायचा. कुबडी घसरेल, तोल जाईल, पाय आपोआप टेकेल. रोज हेच. शिंक आली तरी मी पलंगाची कड धरत असे. माझे पती कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत. मी हलले की ते दारात.

"काहून उठून राहिली? मले आवाज दे ना!" आणि मी बसले की, "तीस वर्षं लोकाइच्या चुका काढल्या, अन् पाणी किती हाय ते नाही पाह्यलं!"

तिसऱ्या आठवड्यात शोभाताई भेटायला आल्या. हसल्या. "पाण्यानं कधी हाड मोडते काय वं? घरातच पडली असशील तू." चहा झाला. निघताना चपला घालता घालता थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नेमकं कुठं दुखे तुले?"

मी जांघेवर बोट ठेवलं. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या जांघेवर गेला.

चार दिवसांनी त्यांचाही एमआरआय झाला. स्नायू ताणला होता, हाड शाबूत. बॅचने त्या आठवड्यापासून उड्या बंद केल्या.

सहा आठवड्यांनी माझा दुसरा एमआरआय झाला. अहवाल येईपर्यंत पन्नास मिनिटं प्रतीक्षागृहात बसले. अहवालात लिहिलं होतं: भेग पुसट झाली आहे, हाड सरकलेलं नाही.

"आता डावा पाय टेका," डॉक्टर म्हणाले. "थोडंच वजन. कुबड्या हातात राहू द्या."

मला जमेना. पाय अधांतरीच राहिला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. डॉक्टर थांबले.

दहा वाजून चोवीस मिनिटांनी पाय टेकला. फरशी थंड होती. दुखलं नाही.