कल्याणराम मामांनी शिवलेले बर्फाचे कपडे

कल्याणराम मामा शिंपी होते, असं पुण्यात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "तंजावरात मराठी शिंपी?" मला रागच येतो. तीनशे वर्षं झाली आम्हाला तिथे राहून. एवढ्या काळात घराण्यात कुणी कारकून निघतो, कुणी मास्तर निघतो, तसा एखादा शिंपीही निघतो. मामा तीनदा दहावीला बसले, तीनदा आपटले आणि शिलाईच्या मशीनवर जाऊन बसले, एवढीच ती गोष्ट. सोवळ्याला आमच्याकडे मडी म्हणतात. असल्या मडीच्या घरात पायाचं मशीन आलेलं नातेवाइकांना रुचलं नाही. मामांनी ते मनावर घेतलं नाही.

ते माझ्या अम्माचे चुलतभाऊ. दक्षिण राजवीथीवर त्यांचं एका खणाचं दुकान होतं. कपडा कुठे घालणार हे कळल्याशिवाय ते कात्रीला हात लावत नसत. लग्नासाठी ब्लाऊज शिवायला बाई आली की विचारायचे, "लग्नात बसणार का वाढणार?" वाढणारीच्या बाह्या ते बोटभर सैल ठेवायचे. तेव्हा समोरच काचेचं तयार कपड्यांचं दुकान निघालं होतं आणि मामांचं निम्मं गिऱ्हाईक तिकडे गेलं होतं. मामा त्या काचेकडे पाहून म्हणायचे, "हे अस्कं कोणाच्या मापाचं? कोणाच्याच नाही." अस्कं म्हणजे सगळं. महाराष्ट्रात हा शब्द कुणाला कळत नाही, तोही मी सांगत बसते.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात मला पत्र आलं. मी कॉलेजात एनसीसीत होते. हिमाचलात जानेवारीत सव्वीस दिवसांचं स्कीइंगचं शिबिर होतं आणि आमच्या कॉलेजातून माझी एकटीची निवड झाली होती. पायाला दोन लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचं. घरी नुकतंच केबल आलं होतं, त्यावर मी हे पाहिलं होतं. मद्रासच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते. मला जायचं होतं, आणि इतकं जायचं होतं की जेवण जात नव्हतं.

अम्मा नाही म्हणाली. तिचं नाव श्रीविद्या, शाळेत गणित शिकवायची, आणि तिचं 'नाही' गणितासारखंच असायचं. तिला भीती होती थंडीची. आमच्याकडे मार्गळीच्या महिन्यात पहाटे जरा गारवा आला की अख्खं गाव माकडटोप्या घालतं. त्या गावची मुलगी बर्फात कशी जगणार? अप्पा ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत होते. त्यांनी कचेरीतलं उत्तर दिलं. "कपड्यांची सोय झाली तर पाहू." सोय होणार नाही याची त्यांना खात्री होती.

त्या संध्याकाळी मामा कॉफीला आले. त्यांनी सामानाची यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. बूट आणि स्की तिकडे मिळणार होते. लोकरी टोपी, हातमोजे, पायमोजे, काळा चष्मा, वारा अडवणारा कोट, विजार आणि आत घालायचे गरम कपडे आपण न्यायचे होते.

"मी शिवतो," मामा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही बर्फ पाहिलाय का कधी?" अम्मा म्हणाली. "पोरीच्या बोटांना काही झालं तर कोणास विचारू?"

"मज विचार."

अम्मा म्हणाली, कपडे बरोबर झाले असं अण्णांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर पाठवीन. मामा खोटं बोलत नसत हे तिला माहीत होतं. माझं जाणं आता मामांच्या एका वाक्यावर आलं.

पुढचे पंधरा दिवस त्या दुकानात दुसरं काही शिवलं गेलं नाही. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून मामांनी काळं नायलॉनचं कापड आणलं. पाणी अडतं तिथे वाराही अडतो, असा त्यांचा हिशेब. त्याचा दुहेरी कोट केला, इतका ऐसपैस की खाली दोन स्वेटर मावावेत. अंगाला घट्ट बसलेल्या कपड्यात ऊब कुठे राहणार, असं ते म्हणायचे. स्वेटर तिरुच्चीला थंडीत रस्त्यावर बसणाऱ्या डोंगराकडच्या बायकांकडून घेतले. लोकर खरी का खोटी ते मामांनी एक धागा जाळून वास घेऊन ठरवलं. हातमोज्यांना पाच बोटं ठेवली नाहीत. चार बोटं एका पिशवीत आणि अंगठा वेगळा. "एकत्र राहिली तर एकमेकांस ऊब देतील." मोजे हरवू नयेत म्हणून त्यांना नाडी लावून ती कोटाच्या बाह्यांतून काढली, तान्ह्या बाळाला करतात तशी. मी चिडले. मामा म्हणाले, बर्फापुढे तूही तान्हीच.

आत घालायला त्यांनी सुती बंडी केली, तीत उशीतला कापूस भरला आणि चौकटीचौकटीने टाके घातले. तिच्यावर त्यांचा फार जीव. आधी स्वतःच्या मापाची एक शिवली आणि म्हणाले, चल, पाहून येऊ.

तंजावरात थंडी पाहायला कुठे जायचं? मासळी बाजाराच्या मागे बर्फाचा कारखाना होता. तिथला मॅनेजर सांबशिव मामांचं जुनं गिऱ्हाईक. मडीच्या घरातला माणूस मासळीच्या वासातून नाकाला उपरणं लावून आत शिरला, याचंच सांबशिवला इतकं हसू आलं की त्यानं खुर्चीसुद्धा दिली. मामा बंडी आणि कोट चढवून बर्फाच्या लाद्यांमध्ये अर्धा तास बसले. बाहेर आले ते ऐटीत.

"काही नाही गे. घरी बसल्यासारखं."

"पण मामा, मी तेथे बसणार नाही. स्की खांद्यावर टाकून डोंगर चढणार, मग थांबणार, मग परत चढणार."

मामांचा चेहरा उतरला. जो माणूस बसणार का वाढणार विचारल्याशिवाय ब्लाऊज शिवत नाही, तो हेच विचारायला विसरला होता. ते परत आत गेले. सांबशिवच्या माणसांबरोबर लाद्या उचलल्या, पायऱ्या चढले, उतरले, घामाघूम झाले. मग खुर्चीवर बसले. पाच मिनिटांत दात वाजायला लागले. बंडी पिळता आली असती. आतल्या कापसाचा चिखल झाला होता.

"बाहेरचा बर्फ नव्हे गे," ते म्हणाले. "आपला घामच मारतो."

आम्ही त्यांच्या घरी आलो. विशालाक्षी मामीनं कॉफी दिली. मामा कपाकडे न पाहता बोलत होते. तिरुवैयारूला नदीत बुडी मारून वर आलं की सुती पंचा अंगाला चिकटतो आणि हाडं गार करतो. मडीचं रेशीम तेवढंच भिजतं, पण असं चिकटून बसत नाही, वाळतंही पटकन. एवढं बोलून त्यांनी वर पाहिलं. छताखाली आडव्या काठीवर मामीचं मडीचं रेशमी नऊवारी वाळत होतं. त्यांनी लगेच मान खाली घातली.

"श्रीविद्येस सांगतो, जमलं नाही म्हणून."

मला रडू फुटलं. वीस वर्षांची घोडी, पण मी ओक्साबोक्शी रडले. लांब काठीनं मामीनं ते लुगडं खाली ओढलं, घडी केली आणि मामांच्या मांडीवर ठेवलं.

"कापा."

"विशालाक्षी, तुझ्या आईनं दिलेलं. एकदा कात्री लागली, शिवलं, की मडीस चालायचं नाही."

"मज ठाऊक नाही का? पोरीस जाऊ द्या."

मामांनी लुगड्याला हात जोडले आणि मग कापलं. मी डोळे पुसून हसत होते. तिच्याकडे दुसरं असेलच, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर तेवढाही विचार केला नाही.

नऊ वारांत पूर्ण बाह्यांचे दोन सदरे आणि दोन विजारी झाल्या. शिवण बाहेरच्या बाजूला, कातडीला घासू नये म्हणून. मामा त्यातला एक सैलसर जोड घालून पुन्हा कारखान्यात गेले, पुन्हा लाद्या उचलल्या, पुन्हा बसले. मी उतावीळ झाले होते, पण तासाभरानं बाहेर येऊन ते सरळ आमच्या घरी गेले आणि अम्मासमोर उभे राहिले. "कपडे बरोबर आहेत."

मी गेले. बर्फ कसा असतो ते इथे सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मी फक्त पडत होते. दुसऱ्यात वळायला लागले. एकदा वर असताना हवा बिघडली आणि आम्हाला तीन तास चालत उतरावं लागलं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं जाकीट दिल्लीच्या मोठ्या दुकानातलं होतं, पण आत सुती बनियन. ती खाली आली तेव्हा तिला बटणं काढता येत नव्हती. हात थडथडत होते, ओठ निळे. शिक्षकांनी सगळ्यांना विचारलं, आत काय घातलंय? मी बाही वर करून रेशीम दाखवलं. ते म्हणाले, ज्यानं शिवलं त्याला अक्कल आहे. हे वाक्य मी मामांसाठी जपून आणलं.

फेब्रुवारीत मद्रासच्या गाडीनं सकाळी तंजावरला उतरले. अप्पा घ्यायला आले होते. मामांचं घर वाटेवर, म्हणून मी आधी तिथेच रिक्षा थांबवली आणि धावत आत गेले.

मामांच्या वडिलांचं श्राद्ध होतं त्या दिवशी. मामा ओला पंचा नेसून ओसरीवर दर्भ मांडत होते. त्यांनी आधी माझे हात मागितले. लांबूनच, हात पुढे कर म्हणाले, आणि दहा बोटं एकेक करून पाहिली. त्यांचे डोळे भरून आले. मी शिक्षकांचं वाक्य सांगितलं. एरवी त्यांनी ते चारदा म्हणवून घेतलं असतं. आज नुसती मान हलवली आणि आत पाहिलं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले.

"शिवू नको गे, मडी आहे," मामी म्हणाली.

ती ओल्या सुती लुगड्यात होती. काल मडीला वाळत घातलेलं, रात्रभराच्या दवानं वाळलंच नव्हतं, आणि श्राद्धाचा स्वयंपाक कुणासाठी थांबत नाही. लुगडं तिच्या पाठीला चिकटलं होतं. उलथनं धरलेला हात थडथडत होता. महिन्याभरापूर्वी मला यातलं काही दिसलं नसतं. आता तो हात कसा थडथडतोय ते मला नीट कळत होतं.

"मामी, दुसरं रेशमी?"

मामा माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी छताखालच्या रिकाम्या काठीकडे बोट दाखवलं.

मला तिला मिठी मारायची होती. माझ्या अंगावरचा स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकायचा होता. उंबऱ्याच्या आत पाय टाकता येत नव्हता. मी रडत तिथेच उभी राहिले.

मामीनं वळून पाहिलं. "काय झालं? तेथे फार थंडी वाजली का गे तुज?"

"नाही, मामी. एकदाही नाही."

"मग बरं," ती म्हणाली आणि ओला पदर खोचून चुलीकडे वळली.