देवी मानेवरून उतरली

ज्या देवीला आम्ही दर नवरात्रात हाका मारून बोलवायचो, ती आता अंगात आली तर आई जिवानिशी जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि माझी श्रद्धा पार डळमळली. गिरण्या बंद पडल्यानंतरची ती वर्षं. घाटकोपरच्या आमच्या चाळीत आरतीला ढोल लागला की माझ्या आईच्या, म्हणजे आयेच्या, अंगात वारं यायचं. केस सोडून ती मान गरगरा घुमवायची आणि नोकरी गमावलेले बाप्येसुद्धा तिच्या पायाशी वाकायचे. पण संधिवाताने तिच्या मानेचे वरचे दोन मणके सैल झाले होते. हात बधिर व्हायचे, कप निसटायचा. एक हिसका बसला तरी आतला मज्जारज्जू चेपेल, डॉक्टर म्हणाले. कमरेच्या हाडाचा तुकडा लावून ते दोन्ही मणके तारेने एकत्र बांधणार होते. कवटीही जखडायची दुसरी पद्धत होती, पण तिने मान खालीवरही झाली नसती, म्हणून ती त्यांनी टाळली. "होकाराला मान हलेल. नकाराला जेमतेम. घुमणं मात्र कायमचं बंद."

आये अडून बसली. "माका नको ता ऑपरेशन. देवी खंय येतली मगे?" मी रडले, चिडले, देवीला नको नको ते बोलले. वॉर्डात शेजारच्या खाटेवर कोकणातली एक म्हातारी होती, ओळख ना पाळख. तिने आयेला कुंकू लावलं आणि म्हणाली, "इतकी वर्षा तुझ्या मानेर बसली, ती पण थकली असतली गो. आता तिका उतराक दी." आयेने त्याच संध्याकाळी कागदावर अंगठा दिला. ऑपरेशन होऊन आम्ही वॉर्डात परतलो तोवर म्हातारी घरी गेली होती, आभार मानायचे राहूनच गेले. मला ती देवीच वाटते. का, ते विचारू नका.

हाड जुळलं, हातात जोर आला. पुढच्या नवरात्रात ढोल वाजला तेव्हा सगळी चाळ आयेकडे बघत होती. ती ताठ बसून राहिली, आणि वारं आलं ते शेजारच्या नव्या सुनेच्या अंगात. माणसं तिकडे धावली. आयेला मान वळवता येईना, म्हणून ती उठून अख्खीच फिरली आणि त्या पोरीच्या पाया पडली.

घरी आल्यावर मी विचारलं, "आये, वाईट वाटतं का गं?" तिने नाही म्हणावं म्हणून जीव तुटत होता. तिने सावकाश मान डोलावली. हो.

मग उठून भाकऱ्या थापायला बसली. त्या हातच्या भाकऱ्या आम्ही पुढे कितीतरी वर्षं खाल्ल्या. देवी द्यायचं ते देते, न्यायचं ते नेते, आपण मान डोलवायची, हे मी आयेकडून शिकले. रोज दिवा लावताना उपकार मानते. पण ढोल वाजला की अजूनही खिडकी लावून घेते.