वन्संचा हिरवा, माझा निळा

नणंदेचा नवरा वारला तेव्हा तेराव्याला माहेरची साडी नेसवायचं माझ्यावर आलं. तिचे आईबाप कधीच गेलेले. भाऊ म्हणजे माझा नवरा, तोही आता नाही. म्हणजे तिचं माहेर काय ते मीच. हे तिला आवडत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण बाईचा नवरा गेला की माहेरच्या साडीशिवाय ती सुतकातून उठत नाही, अशी आमच्याकडं रीत आहे.

माकणीच्या धरणाच्या अलीकडं आमचं गाव. तिला गावातल्या गावातच दिलेली. तिच्या सासर-माहेरात एका गल्लीचं अंतर, त्यामुळं भांडायला कधी लांब जावं लागलं नाही.

साडी मी सुनेला घेऊन लोहाऱ्याहून आणली. निळी, गडद, बारीक राखी काठाची. दुकानदारानं आधी हिरवी पुढं टाकली होती, ती मी बाजूला सारली. हिरवा रंग नवरीचा, चुड्याचा, ओटीचा. नवरा गेलेल्या बाईपुढं हिरवं ठेवणं म्हणजे तिच्या तोंडावर हसणं. एवढं मला कळतं.

तेराव्याला घरात बायका बसल्या होत्या. मी घडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं बघितलं, हात लावला नाही.

"हिरवी आणलीत व्हय, वैनी?"

"निळी हाय, वन्सं."

"माझं कुकू पुसलंय आत्ता, अन् मला हिरवी. लईच आनंद झालेला दिसतोय तुमाला."

तिनं घडी उचलली आणि उंबऱ्याबाहेर टाकली. बायकांनी माना खाली घातल्या. सुनेनं साडी झटकून पिशवीत घातली आणि आम्ही निघालो. अंगणात शेजारीण माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "निळीच हाय की वो."

"मग आत बोलायचं."

"मयताच्या घरात कोण बोलतंय, बाई."

असले साक्षीदार आमच्या गावात पोत्यानं मिळतात.

इथवर असतं तर मी विसरलेही असते. पण माझं रान तिच्या रानाच्या मागं आहे. गाडीवाटेला तिचा बांध लागतो. माझं सोयाबीन काढून ढीग लावून झाला, मुलगा मळणी यंत्र आणायला निघाला, तर वाटेवर बाभळीच्या काट्या. नुसत्या टाकलेल्या नव्हत्या, दगड ठेवून दाबलेल्या होत्या. दुसऱ्या अंगाला ओढा आहे. त्यातून माणूस जातं, यंत्र जात नाही. ढिगावर ताडपत्री होती, पण धरणावर रोज ढग येत होते. ढीग खालून भिजला की सोयाबीनला कोंब फुटतात आणि मग ते जनावरंही खात नाहीत. वर्षाचं पीक होतं ते.

मी नणंदेच्या मुलाला गाठलं.

"मामी," तो म्हणाला, "साडी निळी हाय, मला दिसतंय. पर आईला हिरवी दिसतीय. मी काय करू?"

"काट्या काढ."

"मी काढीन, ती परत टाकंल. बाप नुकताच गेलाय. तिच्याशी भांडायचं व्हय आता?"

दुसऱ्या दिवशी ती बांधावर आलेली कळलं तशी मी साडी घेऊन गेले. ऊन चांगलं होतं. मनात म्हटलं, घरात अंधार असतो, उजेडात तरी दिसेल. मी घडी मोडली आणि साडी काट्यांवर पसरली.

"बघा आता. हा बाभळीचा पाला अन् ही साडी. एक रंग हाय का?"

ती वाकली. नाक कापडाला लागेल इतकी वाकली. पाल्याकडं बघितलं, साडीकडं बघितलं.

"पाला जरा उजळ हाय," ती म्हणाली. "दुसरा काय फरक हाय?"

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना ती समोरच्याकडं बघते, तेव्हा ती साडीकडं बघत होती. मग माझ्या ध्यानात आलं. गेल्या साली माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा दवाखान्यातली भिंत मला या डोळ्यानं पांढरी दिसायची आणि त्या डोळ्यानं हळद सांडलेल्या धोतरासारखी. खिडकीचा पडदा इकडून निळा, तिकडून हिरवट. त्याआधी कित्येक महिने धुणं पिवळं राहतं म्हणून मी सुनेला बोलत होते. घरी आल्यावर त्याबद्दल मी काही बोलले नाही. तिच्या धुण्यात दुसऱ्या खोडी होत्याच.

"वन्सं, तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय," मी सांगितलं. "निळं तुमाला हिरवं दिसतंय."

मी माहिती दिली होती. तिनं ती शिवी म्हणून घेतली.

"नवरा गेला, आता डोळं बी गेलं म्हना."

"गेलेच हायत."

"आंधळी झाले मी?"

"अर्धी."

तिनं साडी काट्यांवरून ओढली. तीन ठिकाणी टरकली. माझ्या अंगावर फेकली आणि गेली. मुलगा मला म्हणाला, "आई, जरा गोड बोलली असतीस." गोड बोलून मोतीबिंदू जातो का, असं मी त्याला विचारलं.

पण भाचा बांधाच्या पलीकडं उभा राहून सगळं ऐकत होता. त्यानं घरी नेऊन तिला काय काय दाखवलं असेल कोण जाणे. तो तिला धाराशिवला घेऊन गेला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढं करू म्हणाले. ती काळा चष्मा लावून एसटीतून उतरली तेव्हा आमचा ढीग अजून रानातच होता. रात्री पाऊस शिंपडून गेला होता आणि ताडपत्रीच्या कडेनं शेंगा काळ्या पडायला लागल्या होत्या. मी दम खाल्ला नाही. त्याच दुपारी फाटकी साडी घेऊन तिच्या ओसरीवर गेले.

भाच्याची बायको चहा गाळत होती, ती गाळणी हातात धरून थांबली. मी साडी पुढं केली. नणंदेनं चष्मा वर केला.

"निळी हाय," ती म्हणाली.

"मग?"

"बदलून आणलीत."

"तुमीच फाडलेल्या तीन जागा बघा. अन् नवा डोळा झाका, जुन्यानं बघा."

"मला शिकवू नका."

"आत्या, बघा की एकदा," भाच्याची बायको म्हणाली.

तिनं तळहात डोळ्यावर धरला. बघितलं. हात बदलला, परत बघितलं. असं दोन-तीनदा केलं. तिला कळलं, आणि तिला कळलेलं मलाही दिसलं. मला वाटलं, आता काट्या निघतील आणि निदान एक शब्द तरी ऐकायला मिळेल. ती चष्मा खाली करून बसली.

"साडी निळी आसंल," ती म्हणाली. "पर हिरवी दिसली तवा मला काय नवल वाटलं न्हाय. वैनी हिरवीच आणणार, असंच वाटलं. तुमाला माझ्या मालकाचं कुठं दुःख होतं?"

"नव्हतंच," मी म्हणाले.

तिच्या सुनेच्या हातातली गाळणी कपात पडली.

"तुमचे भाऊ गेले तवा तो माणूस पान खात आला होता," मी म्हणाले. "माझ्या दारात, मढ्यापुढं. लाल थुंकला."

"पान कुठलं? दाढ दुखत होती त्यांची. लवंग धरली होती दाढंत. हिरडीतून रगत येत होतं, म्हणून थुंकले. मीच दिली होती लवंग."

"पान होतं."

"लवंग होती म्हनतीय न्हवं मी."

"मी बघितलंय."

"मी बी साडी बघितलीच होती की, वैनी."

पान होतं, अजूनही मी तेच म्हणते. लवंगेनं ओठ लाल होत नाहीत. तिची सून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. चहा कुणी दिला नाही आणि मागितलाही नाही.

मग नणंदेनं मुलाला हाक मारली.

"काट्या काढ. त्यांचं यंत्र जाऊ दे, सोयाबीनचा काय गुन्हा न्हाय. पर वैनीचा पाय माझ्या बांधाला लागायचा न्हाय."

"माझ्या पायाला हौस न्हाय," मी म्हणाले आणि उठले. साडी परत घ्यायला वाकले तर तिनं साडीवर हात ठेवला.

"माहेरची हाय ती," ती म्हणाली. "ठिवा."

दुसऱ्या दिवशी मळणी झाली. खालचा थर गेला, बाकीचं हाती आलं. तिनं साडीच्या टरकलेल्या जागा शिवून घेतल्या, हे मला शेजारणीनं सांगितलं. ती नेसते असंही म्हणतात, मी बघितलेली नाही. आता आमचा ट्रॅक्टर तिच्या बांधावरून जातो, मुलगा जातो, सून डोक्यावर भाकरी घेऊन त्याच वाटेनं जाते. मी ओढ्यातून जाते. गुडघे दुखतात आणि पावसाळ्यात पाणी मांडीला लागतं.