चिमूटभर माया

आमची ही शाळेत विज्ञान शिकवते. घरी मलाही शिकवते, पण मी जुना वायरमन, डोक्यात उजेड उशिरा पडतो.

यंदा तिनं वर्गात काचेची टाकी मांडली. तळ्यातला गाळ, पाणवेली, गोगलगायी आणि बोटभर मासे. टाकी टेबलावर चढवताना माझी कंबर धरली. "मोटर बसवून देतो, हवा लागेल," म्हटलं, तर म्हणे, "हात लावायचा नाही! ऊन वेलींना, वेलींची हवा आणि कोवळा पाला माशांना, माशांची घाण गाळातल्या जंतूंना, तिथून खत परत वेलींना. सगळ्यांचं एकमेकांवाचून अडतं."

हेडसरांच्या डोळ्यांत मात्र ती टाकी खुपायची. "पालकसभेपर्यंत बघतो. वास आला तर सरळ भंगारात," असं त्यांनी सुनावलं. हिचा तर जीव त्या टाकीत अडकलेला.

आणि सभा तोंडावर आलेली असताना पाणी दुधासारखं गढूळ! मासे वर येऊन तोंडं उघडत होते. हिचा चेहरा पडला. मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच वर्गाला विचारलं. मग एक मुलगी पुटपुटली, "बाई, मी फक्त चिमूटभर पाव घातला." मागून एकजण, "मी पण." अहो, अख्खा वर्ग! सगळ्यांनी गुपचूप घातला, आणि प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच.

मी कपाळावर हात मारला. ही रागावली नाही. "उरलेला पाव कुजला, कुजवणाऱ्या जंतूंनी पाण्यातला प्राणवायू संपवला. मासे उपाशी नव्हते रे, गुदमरत होते."

मुलांनी पाव गाळून काढला, थोडं पाणी बदललं. टाकी खिडकीपाशी सरकवली, म्हणजे परत माझीच कंबर!

"आता काय करायचं, बाई?"

"आता काहीच नाही करायचं."

तेच पोरांना सगळ्यात जड गेलं. हाताची घडी घालून टाकीसमोर बसायची बिचारी. काम वेलींनी आणि गोगलगायींनी केलं.

सभेच्या दिवशी पाणी नितळ होतं. हेडसर नाक पुढे करून वाकले, तर वास नाही. एक मासा काचेपाशी आला आणि सर विरघळलेच. "अरे, ह्याला भूक लागलेली दिसते," म्हणत त्यांनी खिशातून बिस्कीट काढलं.

"सर, नको!" अख्खा वर्ग ओरडला. पालक दचकले.

"मग ह्यांना द्यायचं तरी काय?"

"ऊन, सर," पहिली कबुली देणारी ती मुलगी म्हणाली.

सरांनी मुकाट्यानं बिस्कीट स्वतःच्या तोंडात टाकलं, खिडकीकडे गेले आणि पडदा पूर्ण बाजूला सारला.