कोंबड्याबद्दल हरकती व सूचना

आमच्या घरी दाराच्या मागे एक पिशवी टांगलेली आहे. तिच्यात फक्त पिशव्या आहेत. मुद्दाम कुणी साठवत नाही, टाकवत नाही म्हणून साठतात. किस्स्यांचंही तसंच. आम्ही चार म्हातारी माणसं सिंगापूरच्या वुडलँड्सला आमच्या ब्लॉकखाली रोज संध्याकाळी बसतो. बसायला कारण लागत नाही, पण उठताना एखादा किस्सा जमलेला असतो. गेल्या दोन महिन्यांत इतके जमले की सून म्हणाली, "बाबा, आता कुठंतरी रिकामे करा!"

तर करतो. जरा सावकाश सांगतो, घाईत मला सांगता येत नाही.

चौघांतला एक मी, दत्ताराम. चौथी शिकलो, कोल्हापूरकडे जंगलखात्यात वनमजूर होतो, आता मुलाकडे राहतो. दुसरे कुलकर्णी सर, पुण्याच्या बँकेतून रिटायर झालेले. तिसऱ्या सबनीस काकू, मूळच्या दादरच्या, पण इथं वीस वर्षं काढलेल्या. आणि चौथे टान. ते इथलेच, चिनी. त्यांना घरची बोली येते, बाजारापुरती मलय येते आणि इंग्रजीचे मोजून वीस शब्द येतात. माझे पंधरा, ऐकून कळतात त्याहून जास्त. त्यामुळे आमचं चांगलं जमतं.

आमच्या ब्लॉकमागच्या गवतात मोकळ्या कोंबड्या फिरतात. तीन कोंबड्या आणि एक कोंबडा. तो पहाटे पाचला आरवतो. टानचा मुलगा लग्न करून वेगळा राहतो, घरी टान आणि त्यांची बायको दोघंच. ती वर्षभर अंथरुणाला खिळलेली आहे. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून बोलत नाही, दिवसभर डोळे मिटून असते. फक्त पाचला कोंबडा आरवला की डोळे उघडते आणि खिडकीकडे बघते. पाच-सात मिनिटं. तेवढ्यात टान तिला चमच्याने पेज भरवतात आणि काय बोलायचं ते बोलून घेतात. पुन्हा डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत वाट बघायची.

आणि एक दिवस लिफ्टपाशी नोटीस लागली.

* * *

नोटीस वन्यप्राण्यांच्या खात्याची होती. माकडं, रानडुकरं, मोकळ्या कोंबड्या पकडायचे नियम बदलायचे होते. आतापर्यंत पिंजरा लावायचा तर दर वेळी खात्याची वेगळी परवानगी लागायची. आता नुसती तक्रार आली की टाउनच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, ऑफिसने परस्पर पिंजरा लावायचा. यावर लोकांनी महिनाभरात आपलं मत कळवावं, असं खाली लिहिलं होतं. वर एका कोंबड्याचा मोठा रंगीत फोटो.

टान फोटोसमोर उभे राहिले ते हलेचनात. त्यांना वाटलं, फरारी गुन्हेगाराचा लावतात तसा आपल्या कोंबड्याचाच फोटो लावलाय!

काकूंनी चष्मा पुसून फोटो निरखला. "छे! हा आपला नाही."

"कशावरून?" कुलकर्णी सरांनी विचारलं.

"आपल्याच्या तुऱ्याला पाच टोकं आहेत. याला सहा. शिवाय हा माजोरी दिसतो."

काकूंनी टानना पाच बोटं दाखवली, मग सहा. त्यांचा जीव भांड्यात पडला. तरी रोज वर जाताना ते फोटोतली टोकं पुन्हा मोजून जायचे.

* * *

कुलकर्णी सरांनी लगेच हरकतीचं पत्र लिहायला घेतलं. फॉर्म ऑनलाइन होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी भरला. पण कागदावर सही केल्याशिवाय त्यांना काही केल्यासारखं वाटत नाही. चार पानं, मार्जिन आखून, वर "विषय" आणि "संदर्भ". तीन प्रती. त्या घेऊन ते कम्युनिटी क्लबच्या काउंटरवर गेले. मी सोबत होतो.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, ऑनलाइन झालंय ना? मग झालं की!"

"ते झालंच," सर म्हणाले. "पण ही एक प्रत तुमची. आणि या माझ्या प्रतीवर पोच द्या."

"काय देऊ?"

"स्टॅम्प! मिळाल्याचा!"

ती मुलगी भली. तिने सगळे ड्रॉवर उघडून बघितले. सरकारी शिक्का कुठेच नव्हता. शेवटी लहान मुलांच्या स्विमिंग क्लासचा एक शिक्का सापडला, पोहता आलं की मुलांच्या हातावर मारतात तो. तिने सरांच्या पत्रावर तो दोन्ही हातांनी दाबून मारला. निळा डॉल्फिन. खाली "वेल डन!"

सरांनी तो कागद उजेडाकडे धरून वाळवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "दत्तोबा, चाळीस वर्षं कागद हलवले. पत्र वाचायच्या आधी शाबासकी देणारं ऑफिस पहिल्यांदा बघितलं!"

* * *

माझा फॉर्म माझ्या नातीने भरला. ती दहा वर्षांची आहे. मी मराठीत सांगायचं आणि तिने इंग्रजीत लिहायचं. नाव झालं, ब्लॉक झाला. मग तिने वाचलं, "तुम्ही कधी प्राणी पिंजऱ्यात पकडले आहेत का?"

मी म्हणालो, "हो."

ती खुर्चीतून उठलीच. "आजोबा! कॅनॉट लाह! असं नाही चालत! यस लिहिलं तर पोलीस येतील!"

तिला म्हटलं, खरं तेच लिही. मग तिला आमची गोष्ट सांगितली. गावात बिबट्या यायचा म्हणून आम्ही पिंजरा लावला. आत एका म्हाताऱ्याची शेळी बांधली. सकाळी जाऊन बघतो तर दार पडलेलं! साहेब खूश. जवळ गेलो तर आत शेळी, आणि शेळीला टेकून तो म्हातारा. आम्ही गवत नीट घातलंय का याची त्याला खात्री नव्हती, म्हणून बघायला आत शिरला होता.

नात हसली नाही. तिचं लक्ष फॉर्मवर होतं. "कुठला प्राणी पकडला, विचारलंय."

"लिही. माणूस एक."

तिने लिहिलं. "पुढे विचारलंय, त्याला नंतर सोडलं का?"

"सोडलं. चहा पाजून सोडलं."

तिने तेही लिहिलं आणि मला विचारायच्या आत बटण दाबलं.

* * *

काकूंची गंमत निराळी. कोंबड्यांना खायला घालू नये, अशी गवताशेजारी पाटी आहे. काकू पोळीचा कुस्करा घालतात. एकदा खात्याचा माणूस नेमका तेव्हाच आला. फैझल त्याचं नाव, पंचविशीतला, गोड बोलणारा.

"आंटी, फीडिंग करायचं नसतं."

"फीडिंग कुठे करतेय? मी डबा झाडतेय," काकू म्हणाल्या.

तो वाकून बघायला लागला. डब्यातली पोळी संपेना. काकू झाडतायत, कोंबड्या टिपतायत.

"आंटी, रोज झाडता?"

"मग? आम्ही रोज जेवतो!"

फैझलने मान खाली घातली. हसू दाबत होता, हे मला दिसत होतं. मग म्हणाला, "आंटी, उद्यापासून घरच्या सिंकमध्ये झाडा. माझ्यासाठी."

'माझ्यासाठी' म्हटल्यावर काकूंचा नाइलाज झाला. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या, आणि पोळीभाजी फैझलला दिली. म्हणाल्या, "तुला घालायला बंदी नाही ना? पाटीवर तुझं नाव नाही!"

* * *

आमच्या ब्लॉकमधून कुणाची तरी तक्रार गेलेली होती. कुणाची ते कळेना. तिच्यावरून जुन्याच नियमाने परवानगी काढून फैझलने गवतात एक पिंजरा आणून ठेवला. आत मका.

त्या दिवशी टान चहा प्यायला बसलेच नाहीत. पिंजऱ्यापासून दहा पावलांवर उभे राहिले.

पहिल्या दिवशी आत साळुंकी अडकली. दुसऱ्या दिवशी घोरपडीचं पिल्लू. तिसऱ्या दिवशी आमचा कोंबडा पिंजऱ्याच्या टपावर चढून आरवला!

फैझल हैराण. माझ्या नोकरीबद्दल त्याला काकूंनी मागेच सांगून ठेवलं होतं. तो माझ्याजवळ येऊन बसला. "अंकल, तुम्ही एक्स्पर्ट. माझं काय चुकतंय?"

त्याचं काय चुकतंय ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पिंजऱ्याचं तोंड रस्त्याकडे होतं. तळाची जाळी उघडी होती, पायाला टोचणारी. वर गवत अंथरलं असतं आणि तोंड झुडपाकडे फिरवलं असतं, तर कोंबडा त्याच दिवशी आत गेला असता. पोरगा मनापासून विचारत होता. खोटं बोलायची मला सवय नाही. समोर टान उभे होते.

आयुष्यभर कमी शाळेची लाज वाटली. त्या दिवशी पहिल्यांदा ती कामाला आली.

"नो इंग्लिश," मी म्हणालो.

* * *

महिना संपत आला तेव्हा कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये मीटिंग ठेवली. ज्याला बोलायचं असेल त्याने तीन मिनिटं बोलायचं. नोंद इंग्रजीत होणार म्हणून काकूंनी टानना एक इंग्रजी वाक्य शिकवलं होतं. "प्लीज डू नॉट टेक द रूस्टर, माय वाइफ ओपन्स हर आइज फॉर हिम." आठवडाभर टान ते घोकत होते. लिफ्टमध्ये, भाजी घेताना, पिंजऱ्यासमोर. 'रूस्टर'पाशी जीभ अडखळायची, तिथे काकू त्यांना पुन्हा मागे न्यायच्या.

हॉलमध्ये चाळीसएक माणसं. टेबलामागे खात्याच्या दोन बाई आणि फैझल. कुलकर्णी सर पहिले उठले. सन्माननीय व्यासपीठाला वंदन करता करताच त्यांची तीन मिनिटं संपली. काकू म्हणाल्या, "बसा आता. कोंबडा आरवतोसुद्धा याच्यापेक्षा थोडक्यात!"

मग मागून एक मुलगी उठली. अंगावर नर्सचे कपडे, गळ्यात हॉस्पिटलचं कार्ड. बिचारी थेट कामावरून आली असावी. म्हणाली, "तक्रार मी केली होती."

 काकूंनी मान वळवून तिच्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं.

ती मलेशियाची, नाव लीना. आमच्याच ब्लॉकमध्ये तिने एक खोली भाड्याने घेतली आहे, गवताच्या बाजूची. दुपारची पाळी असली की ती रात्री उशिरा संपते, घरी येऊन झोप लागेपर्यंत तिला तीन वाजतात. पाचला कोंबडा. मग झोप नाही. "मला प्राण्यांचा राग नाही," ती म्हणाली. "पण परवा औषधाची चिठ्ठी वाचताना अक्षरं हलायला लागली. मी तीनदा वाचली. पेशंट लहान होता. मला आता भीती वाटते." आणि ती खाली बसली. तिची तीन मिनिटं संपलीही नव्हती.

टानना शब्द कळले नव्हते. फैझलने त्यांच्याजवळ येऊन हळू आवाजात सगळं मलयमध्ये सांगितलं. टाननी दोनदा काहीतरी विचारलं. त्याने दोनदा सांगितलं.

मग टेबलावरून नाव पुकारलं, "मिस्टर टान."

टान उठले. काकूंचे ओठ हलायला लागले, त्यांना आठवण करून द्यायला. "प्लीज डू नॉट..."

 टाननी आधी टेबलाकडे बघितलं, मग मागे लीनाकडे. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. दोघींतली एक म्हणाली, "अंकल, वेळ घ्या. प्रस्तावाला पाठिंबा आहे की विरोध, एवढंच सांगितलं तरी चालेल. मी लिहून घेते."

टाननी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यांची बोटं जाड, कडी निघेना. मी हात पुढे केला, पण त्यांनी मान हलवली. अख्खा हॉल बघत होता. शेवटी एक किल्ली सुटली. ती घेऊन ते खुर्च्यांच्या रांगेतून मागे चालत गेले आणि लीनासमोर थांबले.

"माय हाउस," ते म्हणाले. "सन मॅरी, गो. बॅक रूम. अदर साइड." मग जरा थांबले, शब्द शोधले. "नो चिकन."

टेबलामागच्या बाईंचं पेन हातातच राहिलं. "म्हणजे पाठिंबा की विरोध?" त्यांनी फैझलला विचारलं. 

लीनाने किल्लीकडे बघितलं, टानकडे बघितलं. मग गळ्यातली कार्डाची दोरी काढली, किल्ली तिच्यात ओवली आणि दोरी परत गळ्यात घातली.