बहिणीच्या लग्नातला बेंजो

बेंजो वाजवायला लागून मला वीस वर्षं झाली. तलासरीपासून चिंचणीपर्यंत माझी पार्टी वाजली नाही असा एक पाडा दाखवा. हे मिजाशीनंच सांगतोय, आणि याच मिजाशीनं बहिणीच्या लग्नात माझी फजिती केली.

आमच्यात लग्न लावते ती धवलेरी. मांडवात बसून ती गाण्यातून एकेका देवाला बोलावते, आणि ते गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. तोवर बेंजो, ढोल, सगळं बंद. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण त्या दुपारी म्हातारी धवलेरी ताडीचा घोट घ्यायला थांबली आणि मला वाटलं, झालं. घरचं कार्य, अंगात आलेलं. आवाज पुरता सोडला आणि बटणांवर बोटं टाकली.

माणसं हातवारे करत धावली तेव्हा कुठं मी थांबलो. धवलेरी म्हणाली, "कुठवर आले होते, तेच गेलं डोक्यातून."

वय झालेलं तिचं. तिनं दोनदा सुरू केलं, दोनदा अडकली. नवऱ्याकडचे कुजबुजायला लागले, गाणं तुटलं, आता हे लग्न लावायचं नाही. हळद लागलेली बहीण माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर परवडलं असतं, पण ती घाबरली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेंजो बाजूला ठेवून मी धवलेरीपुढे जाऊन बसलो. हे गाणं कधी संपतंय याची वाट बघत मी वीस वर्षं मांडवांच्या कडेला काढली होती.

"बाय, समुद्राकडच्या देवाला हाक मारून झाली," मी म्हटलं. "डोंगरावरची देवी राहिली." आणि पुढची ओळ घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवली. पुरुषमाणूस धवलेरीचं गाणं म्हणतोय म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. म्हातारीनं ओळ उचलली आणि थेट शेवटापर्यंत गेली.

लग्न लागलं. माझा जीव भांड्यात पडला. बहीण रडता रडता हसत होती.

मी पुन्हा बेंजोकडे निघालो तसा धवलेरीनं माझा हात धरला. "मला वाटायचं, तुम्हा बाजावाल्यांना माझ्या गाण्याची कटकट होते," ती म्हणाली. "तू ऐकत होतास होय रे इतकी वर्षं?"

खरं तर कटकटच वाटायची. मी हो म्हटलं.